गाडीला ऑइल कोणतं घालू? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दुचाकीच्या इंजिन ऑइलबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ग्रेड आणि मापं गाडीगणिक बदलतात, म्हणून वाचताना आपल्या गाडीचं मॅन्युअल शेजारी असू द्या. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं.

प्रश्न : माझी १२५ सीसीची गाडी ५५,००० किलोमीटर चालली आहे. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, इंजिन जुनं झालं आणि उन्हाळाही कडक आहे, तर आता २०डब्ल्यू-५० घाला, जाड ऑइल इंजिनला चांगलं. घालू का? आणि हे आकडे नेमके वाचायचे कसे?

घालू नका, निदान एवढ्या कारणावरून तरी नाही.

आधी आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे. १०डब्ल्यू ऑइल उणे २५ अंश सेल्सिअसला इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहिलंच पाहिजे, २०डब्ल्यूची हीच परीक्षा उणे १५ अंशाला होते. म्हणजे हा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनात लवकर पोचतं. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. तो १०० अंशाला मोजतात. ३० ग्रेडचं ऑइल तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक भरतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. सेंटीस्टोक हे दाटपणाचं माप. आकडा मोठा म्हणजे ऑइल दाट.

‘आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग डब्ल्यूच्या आकड्याशी आम्हाला काय करायचंय’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण इंजिनच्या हिशेबात ४० अंशसुद्धा थंडच. त्या तापमानाला १०डब्ल्यू-३० साधारण ७० सेंटीस्टोकचं असतं, तर २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे जातं. सकाळी गाडी चालू केल्यावर ऑइल पंपातून वर चढून कॅमशाफ्ट आणि रॉकर आर्म या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत जायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ ते भाग जुन्या, अंगाला चिकटून राहिलेल्या थरावर चालतात. दुपटीहून दाट ऑइलला हा वेळ जास्त लागतो. इंजिनची झीज चालू करतानाच्या त्या क्षणांत बरीच होते, आणि रोज चार-सहा वेळा गाडी बंद-चालू करणाऱ्याला त्याचा फटका जास्त बसतो.

शिवाय १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी, पंपाची क्षमता आणि ऑइलच्या वाटांची भोकं त्याच दाटपणाला धरून ठेवलेली असतात. जास्त दाट ऑइल घातलं की गाडी जड वाटते, ॲव्हरेज थोडं उतरतं, थंड असताना क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल लागायला त्रास होतो. उलट ज्या एअर-कूल्ड इंजिनांच्या मॅन्युअलमध्येच १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० लिहिलंय, तिथे १०डब्ल्यू-३० घालणंही तितकंच चुकीचं.

मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता दिलेला असेल तर त्यातली वरची ग्रेड उन्हाळ्यात बेलाशक वापरा, ती मुभा कंपनीनेच दिलेली आहे. तक्ता नसेल तर फार तर एक पायरी, म्हणजे १०डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४०, आणि तेही इंजिन ऑइल खातंय हे मोजून कळल्यावरच. नुसता किलोमीटरचा आकडा हे ग्रेड बदलण्याचं कारण होत नाही. आणि दाट ऑइलने टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा, आवाज दबला, तरी टॅपेट सैल आहेत ते सैलच राहतात.

प्रश्न : कारसाठी आणलेलं फुली सिंथेटिक ५डब्ल्यू-३० उरलं होतं, ते मोटारसायकलला घातलं. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गाडी फारच स्मूथ चालली. आता चौथ्या-पाचव्या गिअरला रेस दिली की आवाज वाढतो, गाडी मात्र पुढे जात नाही. क्लचप्लेटा गेल्या का?

बहुधा गेलेल्या नाहीत. पण याच ऑइलवर गाडी दामटलीत तर जातील.

कारमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनपुरतं असतं. गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असतं आणि मॅन्युअल गिअरच्या कारमध्ये क्लच कोरडाच चालतो. बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल तिन्हीकडे फिरतं : इंजिन, गिअर आणि ऑइलमध्ये बुडालेला क्लच. कारच्या ऑइलमध्ये, विशेषतः २० आणि ३० ग्रेडमध्ये, इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. मॉलिब्डेनमची संयुगं हा त्यातला नेहमीचा प्रकार. पिस्टनला ती मानवतात. क्लचप्लेटा मात्र घर्षणावरच जगतात. तिथे ही रसायनं थर धरतात आणि प्लेट प्लेटीवरून सरकते.

म्हणूनच जपानच्या जासो या मानकात मोटारसायकलच्या चार-स्ट्रोक ऑइलची वेगळी वर्गवारी आहे. १९९८ पासून एमए आणि एमबी हे दोन वर्ग होते, २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. एमए म्हणजे ओल्या क्लचला पुरेसं घर्षण देणारं, आणि एमए२ त्यातलं जास्त पकड देणारं. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. मॅन्युअलमध्ये नुसतं एमए लिहिलं असेल तर एमए२ चालतं. एमए२ लिहिलं असेल तर मात्र तेच घ्या.

डब्यावर एक बारकावा बघा. जासोची खूण म्हणजे एक छोटी चौकट. तिच्यात वर नोंदणीचा क्रमांक आणि खाली एमए किंवा एमए२ असं असतं. ‘एमए२ च्या गरजा पूर्ण करते’ अशी नुसती ओळ छापलेली असेल तर ते ऑइल वाईटच असं नाही, पण नोंदणी दिसत नाही. दोन डबे समोर असतील तर चौकटवाला उचलावा. आणि एपीआय या अमेरिकन मानकाच्या गोल खुणेच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा जुन्या डब्यावर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलं असेल, तर तो डबा ओल्या क्लचसाठी नाही एवढं समजावं.

आता गाडीचं. आधी क्लचच्या दांडीचा फ्री प्ले तपासा. दांडीच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढील हवी. केबल ताणलेली असेल तरी क्लच असाच सरकतो आणि दोष ऑइलवर जातो. ढील बरोबर असेल तर इंजिन गरम करून सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला, योग्य ग्रेडचं एमए किंवा एमए२ घाला. क्लचच्या भागात आणि वाटांमध्ये थोडं जुनं ऑइल राहतंच, म्हणून दोन-तीनशे किलोमीटर हलक्या हाताने चालवून पुन्हा एकदा बदला. दुसऱ्या खेपेला साधं मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं) एमए चालेल. एवढ्याने बहुतेक क्लच पूर्ववत होतात. झाला नाही, तर प्लेटा सरकून-सरकून तापल्या आणि त्यांच्या पृष्ठावर काचेसारखी चकाकी चढली असं धरा. मग फ्रिक्शन प्लेटा बदलाव्या लागतात. नव्या प्लेटा बसवण्याआधी ताज्या ऑइलमध्ये भिजवून घ्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर जळतात.

प्रश्न : डिझेल इंजिनचं १५डब्ल्यू-४० मोटारसायकलला चालतं असं ऐकलं. खरं का?

त्या डब्यावर जासो एमएची खूण असेल आणि मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० बसत असेल तर चालतं. काही डिझेल ऑइलांवर ती खूण खरोखर असते. नसेल तर प्रयोग करू नका.

प्रश्न : मिनरल, सेमी आणि फुली सिंथेटिक यांत रोज ३०-४० किलोमीटर चालणाऱ्या १०० सीसीच्या गाडीला काय घ्यावं? सिंथेटिक घातलं की जुन्या गाडीतून ऑइल गळायला लागतं म्हणतात.

निवडीचा क्रम असा ठेवा : पहिली ग्रेड, मग जासोचा वर्ग, मग एपीआयची किमान पातळी, आणि हे तिन्ही जुळल्यावर मिनरल की सिंथेटिक. दुकानात हा क्रम उलटा होतो. डब्यावर ‘फुली सिंथेटिक’ ठळक सोनेरी अक्षरात असतं आणि ग्रेड मागच्या बाजूला सापडते.

एपीआयचं सोपं आहे. एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी असा हा क्रम वाढत जातो. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. मॅन्युअलमध्ये एसएल लिहिलं असेल तर पुढचं कोणतंही चालतं, जासोची अट पाळून.

सिंथेटिकचा खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो. कडाक्याच्या थंडीत ते पातळ राहतं, आणि जास्त उष्णतेत लवकर ऑक्सिडाइज होत नाही, म्हणजे घट्ट होऊन वार्निशसारखा थर धरत नाही. जास्त आरपीएमवर पळणारी इंजिनं, लांब पल्ल्याचा प्रवास, सतत तुंबलेल्या रहदारीत तापणारं एअर-कूल्ड इंजिन, इथे ते पैसे वसूल करतं. १०० सीसीच्या, सावकाश चालणाऱ्या गाडीला वेळेवर बदललेलं मिनरल पुरतं. सेमी-सिंथेटिकबद्दल एवढं लक्षात ठेवा, की त्यात सिंथेटिकचा वाटा किती असावा याचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. डब्यागणिक तो वेगळा असतो.

कितीही भारी ऑइल घेतलं तरी मोटारसायकलमध्ये ते कारपेक्षा लवकर थकतं, आणि याला कारण गिअरबॉक्स. १०डब्ल्यू-४० सारख्या ऑइलमध्ये गरम झाल्यावरही दाटपणा टिकावा म्हणून लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरचे दात एकमेकांत शिरताना ऑइल त्यांच्यात चिरडलं जातं आणि या साखळ्या तुटत जातात. ४० ग्रेडचं ऑइल हळूहळू ३० सारखं वागायला लागतं. गाडी चालवणाऱ्याला हे पायाला कळतं : बदलल्यावर मऊ पडणारे गिअर खटखट करायला लागतात, गरम इंजिनला सिग्नलवर न्यूट्रल सापडत नाही. वेळापत्रकाच्या आधीच असं व्हायला लागलं तर पुढच्या वेळी चांगल्या प्रतीचं ऑइल घ्या किंवा अंतर कमी करा.

गळतीचं म्हणाल तर आजचं सिंथेटिक रबरी सील खात नाही. पण आधीच कडक झालेला सील किंवा काजळीने बुजलेली फट असेल, तर जास्त स्वच्छ ठेवणाऱ्या ऑइलने ती उघडी पडते. सील गेलेलाच होता, तो बदला.

प्रश्न : घरात एक स्कूटर आणि एक मोटारसायकल आहे. दोघींना एकाच डब्यातलं ऑइल चालेल?

ग्रेड एकच असेल तर मोटारसायकलचं एमए स्कूटरला चालतं, ॲव्हरेजमध्ये किंचित फरक पडेल इतकंच. स्कूटरचं एमबी मोटारसायकलला मात्र अजिबात नको, क्लच सरकेल. आणि स्कूटरच्या मागच्या चाकाजवळच्या गिअरकेसमध्ये वेगळं ऑइल असतं, बऱ्याच गाड्यांत जेमतेम १०० ते १२० मिली. त्याचा बोल्ट वेगळा, ग्रेड वेगळी. सर्व्हिसिंगमध्ये ते हमखास विसरलं जातं. मागून घरघर ऐकू यायला लागली की आधी तिथे बघा.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये ऑइलची दोन मापं आहेत, ९०० मिली आणि १.१ लिटर. मेकॅनिक मात्र एक लिटरचा अख्खा डबा ओततो. जास्त ऑइल झालं तर बिघडतं काय? घरी ऑइल बदलायची नीट पद्धतही सांगा.

मोठं माप इंजिन पूर्ण खोलून, सगळे भाग कोरडे करून जोडल्यावरचं. नेहमीच्या बदलाला लहान माप. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत तिसराही आकडा असतो, फिल्टरसकट बदलण्याचा.

९०० मिलीच्या इंजिनात एक लिटर म्हणजे नवव्या हिश्शाएवढी जास्त भर. फिरणारा क्रँक ऑइलमध्ये आपटायला लागला की ते घुसळून निघतं आणि त्यात हवेचे बुडबुडे शिरतात. पंपाला मग निखळ ऑइलऐवजी फेस मिळतो. क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, सीलवर ताण येतो, गाडी ओढत नाही. एअर फिल्टर ऑइलने भिजलेला दिसला की लोक पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून घाबरतात. आधी पातळी बघा, मगच इंजिन उघडायचं बोला.

आता पद्धत. तीन ते पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. ऑइल कोमट झालं की पातळ होऊन गाळ बरोबर घेऊन बाहेर येतं. फार तापवू नका, हात भाजेल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, फिलर कॅप काढून ठेवा, खाली पसरट भांडं ठेवून ड्रेन बोल्ट सोडा. रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. तोंडाचा पाना बोल्टच्या कडा गोल करतो. ऑइल दहा मिनिटं निथळू द्या. तेवढ्या वेळात बोल्टचं टोक पुसून बघा. मॅग्नेट असलेल्या बोल्टवर करड्या पिठासारखा लेप असेल तर काळजी नाही, तो नेहमीच्या झिजेचा. नखाला लागतील असे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे असतील तर कुठला तरी गिअर किंवा बेअरिंग तुटतंय.

जाळीचा स्ट्रेनर असेल तर काढून स्वच्छ रॉकेलमध्ये धुवा, वाळवा. कागदी फिल्टर बदलताना जुना कोणत्या तोंडाने बसला होता, स्प्रिंग कोणत्या बाजूला होती आणि ओ-रिंग किती होत्या, हे काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टर उलटा बसला किंवा स्प्रिंग राहून गेली तर ऑइल फिल्टरला वळसा घालून निघून जातं किंवा त्याची वाटच अडते. बाहेरून काहीच कळत नाही, गाडीही ठीक चालते, आणि मग एके दिवशी कॅम वाजायला लागतो. ज्या लहान इंजिनांत कागदी फिल्टरऐवजी क्लचच्या बाजूला फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तिथे गाळ त्याच्या कडेला थापल्यासारखा साचतो. तो कधी साफ करायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, अनेक गाड्यांत दर १२,००० किलोमीटरला. त्यासाठी कव्हर उघडून गॅस्केट बदलावं लागतं, म्हणून वर्कशॉपमध्ये बरेचदा टाळलं जातं. विचारून करून घ्या.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला, बोल्ट आधी हाताने आट्यात बसवा आणि मग आवळा. मोजपट्टी असलेल्या भांड्याने मापापेक्षा साधारण ५० मिली कमी ऑइल ओता. इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून आणखी तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा आणि हवी तेवढी भर घाला.

पातळी बघण्यात एक फसगत आहे. काही गाड्यांत गेज (पातळी मोजायची काडी) न फिरवता नुसतं टेकवून वाचायचं असतं, काहींत पूर्ण आवळून. टेकवायचं ते आवळलं तर काडी खोल जाते, पातळी भरपूर दिसते आणि ऑइल प्रत्यक्षात कमी राहतं. आवळायचं ते नुसतं टेकवलं तर उलट होतं. गाडी साइड स्टँडवर असेल तर ती डावीकडे कलते, आणि गेज उजव्या बाजूला असलेल्या इंजिनात ऑइल कमी दिसतं. मग माणूस निष्कारण वर ओततो. काचेची खिडकी असलेल्या गाडीतही हेच : गाडी सरळ उभी करूनच बघा.

प्रश्न : ड्रेन बोल्टमधून थेंब थेंब ऑइल येतं. मेकॅनिकने जोर लावून आवळला, तर आता बोल्ट नुसताच फिरतो.

आटे गेले. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा, तेव्हा जोर लावला की आवरणाचे आटे सोलून निघतात. बहुतेक लहान गाड्यांत हा बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटरच्या दरम्यान आवळायचा असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पान्याने, मनगटाच्या जोराने बसेल तेवढंच. पान्याला पाइप लावून लांबी वाढवली की पुढचं ठरलेलं आहे.

गळतीचं मूळ कारण सहसा वॉशर. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की पुन्हा तसा बसत नाही. दर वेळी नवा घालावा, इंजिनमधला सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे.

आता उपाय म्हणजे हेलिकॉइल. जुने आटे मोठे करून त्यात पोलादी तारेचे नवे आटे बसवतात, बोल्ट मूळ मापाचाच राहतो. काम चांगल्या हाताने झालं तर ते मूळच्या आट्यांपेक्षा टिकाऊ होतं. बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा वरून एम-सील थापणं यावर गाडी चालवू नका. बोल्ट धावत्या गाडीतून पडला तर सगळं ऑइल रस्त्यावर, तेही नेमकं मागच्या चाकापुढे.

प्रश्न : नवं ऑइल ५०० किलोमीटरमध्येच काळं पडलं. नकली असेल का?

रंगावरून ठरत नाही. काजळी आणि मळ स्वतःत तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या डिटर्जंटचं कामच आहे, आणि आत जुना गाळ असेल तर नवं ऑइल तो सोडवून लवकर काळं होतं. शंका घ्यायची ती डब्यावरून : सील, बॅच नंबर, छपाई, झाकणाखालची फॉइल. वापरलेल्या डब्यातून सुटं ऑइल घेऊच नका.

प्रश्न : फिलर कॅपच्या आतून पिवळट-पांढरा, दह्यासारखा थर दिसतो. शिवाय दुसऱ्या गाडीत (कार्ब्युरेटरवाली) ऑइलची पातळी न घालताच वाढली आहे! हे कसं?

दोन्हीकडे ऑइलमध्ये बाहेरचं काही शिरलंय.

पहिल्या गाडीत पाणी. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल आणि इंजिन एअर-कूल्ड असेल, तर ती हवेतली वाफ आहे. इंजिन पुरेसं तापत नाही, म्हणून ती आत थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते. थर फक्त कॅपला असेल आणि गेजवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी फिरवा, वाफ निघून जाईल. गेजवरचंही ऑइल दुधाळ असेल तर बदला. लिक्विड-कूल्ड गाडीत मात्र दुधाळ ऑइल म्हणजे कूलंट आत येतंय. आधी रिझर्व्ह टाकीची पातळी उतरते का बघा. दोषी बहुधा वॉटर पंपाचा सील, नाहीतर हेड गॅस्केट. अशी गाडी चालू ठेवली तर बेअरिंग जातात. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तर स्टार्टरला हातही न लावता प्लग काढून, ऑइल काढून मगच बघावी. नवं ऑइल घालून पाच-दहा मिनिटं चालवायची आणि तेही टाकून द्यायचं, पाण्याचा अंश राहत नाही तोवर.

दुसऱ्या गाडीत पेट्रोल. गेजचा वास घ्या, लगेच कळेल. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोलची आवक थांबवणारी सुई) कचऱ्याने अडकली की पेट्रोल वाहत राहतं, सिलिंडरमध्ये उतरतं आणि रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये जातं. ऑइल इतकं पातळ होतं की बेअरिंगवर थर टिकत नाही. अशा स्थितीत गाडी चालू करू नका. पेट्रोलचा कॉक बंद, कार्ब्युरेटर साफ, नीडल आणि तिची सीट तपासा, मग ऑइल-फिल्टर बदला. नुसतं ऑइल बदललं तर आठवड्याने तेच.

प्रश्न : १,००० किलोमीटरला ३०० मिली ऑइल कमी होतं. खाली गळतीचा डाग नाही. इंजिनचं काम निघालं का?

तुमच्या इंजिनात एक लिटर ऑइल असेल तर २,००० किलोमीटरला आत ४०० मिलीच राहतं. तेव्हा आजपासून दर ३०० किलोमीटरला गेज बघून भर घालत जा, निदान कारण सापडेपर्यंत.

डाग नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढून बघा. तिथला शाफ्टचा सील गळत असेल तर ऑइल चेनच्या चिकट काळ्या मळात मिसळून जातं, आणि तो मळ वंगणाचाच समजून कुणी बघत नाही. एअर फिल्टरचा डबा आणि ब्रीदरची नळीही तपासा.

तिथे काही नसेल तर धूर बघा. रात्रभर थांबलेली गाडी चालू केल्यावर निळा भपकारा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील. हेड उतरवून ते काम थोडक्यात होतं. रेस देताना, चढाला सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि सिलिंडर, तेव्हा बोअरचं माप घ्यावं लागतं. थंड सकाळी सायलेन्सरमधून निघून लगेच विरणारा पांढरा धूर मात्र वाफ असते.

प्रश्न : वर्षाला जेमतेम १,५०० किलोमीटर होतात. तरी ऑइल बदलायचं?

हो, वर्षातून एकदा, किलोमीटर झाले नाहीत तरी. लहान फेऱ्यांतली वाफ, पेट्रोलचा अंश आणि त्यातून तयार होणारं आम्ल आतच राहतं. गाडी दोन-तीन महिने ठेवून द्यायची असेल तर ठेवण्याआधी बदला, नंतर नव्हे. नव्या गाडीचा पहिला बदल मात्र लांबवू नका. मॅन्युअलमध्ये ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान जो आकडा असेल तो पाळा, कारण बसणाऱ्या भागांची धातूची पूड सगळ्यात जास्त त्याच ऑइलमध्ये असते.

प्रश्न : इंजिन ऑइलमध्ये घालायची ॲडिटिव्हची बाटली घ्यावी का?

नको. त्यातल्या बऱ्याच बाटल्या घर्षण कमी करणाऱ्या असतात, आणि त्याने क्लचचं काय होतं ते वर आलंच आहे.

प्रश्न : जुनी टू-स्ट्रोक पुन्हा चालू केली आहे. तिला कोणतं ऑइल?

दोन वेगवेगळी. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफसी अथवा एफडी बघा; एफडी धूर आणि काजळी कमी करतं. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ एअर-कूल्ड मोटारसायकलला घालू नका, त्या उष्णतेसाठी ते नाही. चार-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलं तर प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात.

१:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. प्रमाण गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. खूप जुन्या गाड्यांना जास्त लागतं. ‘धूर नको’ म्हणून ऑइल कमी केलं की पिस्टन जाम होतो. पंपाने ऑइल घेणारी गाडी वर्षानुवर्षं पडून असेल, तर पंपातली हवा काढेपर्यंत टाकीतही थोडं मिसळून चालवा.

गिअरबॉक्समध्ये मात्र वेगळं ऑइल, आणि क्लच तिथेच बुडालेला. अनेक टू-स्ट्रोकना तिथे साधं इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. नावात गिअर आहे म्हणून कारच्या डिफरन्शियलचं ऑइल ओतू नका.

प्रश्न : काढलेलं जुनं ऑइल चेनला लावलं तर चालेल?

त्यात धातूची पूड आणि काजळी असते. चेनच्या पिनांमध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते. चेनला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ८० किंवा ९० ग्रेडचं गिअर ऑइल किंवा चेन लूब लावा. ओ-रिंग चेन असेल तर रॉकेलने पुसा, पेट्रोलने धुतलीत तर रबर खराब होतं. वंगण गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. नाहीतर ते मागच्या टायरवर उडतं.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, पाणी-पेट्रोल न मिसळता, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, पण ब्रेक फ्लुइड किंवा कूलंट मिसळलेलं असेल तर घेत नाहीत.